‘कळवळा’ : अर्थ आणि उपयोग

आपल्या टीकावाङ्मयात लेखकाच्या भावनेचा खरेपणा सांगण्यासाठी जे थोडे शब्द पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यांत ‘कळवळा’ हा एक प्रमुख शब्द होय. अमुक लेखकास ग्रामीण जीवनाविषयी कळवळा आहे, तमुक कवीच्या ओळींतून दलितांविषयीचा कळवळा व्यक्त होतो, अशी विधाने पदव्युत्तर प्रबंधांतून इतकी सरसकट आढळतात की परीक्षकाने त्यांकडे लक्ष देण्याचेही सोडून दिले आहे. याच काळात वृत्तपत्रांतून, सभांतून आणि रोजच्या बोलण्यातून हाच शब्द बहुतेक वेळा उपहासाने येतो. ‘आता बरा कळवळा आला!’ या वाक्यात कळवळ्याचा अर्थ खरी भावना असा कोणीही घेणार नाही. एकच शब्द एका ठिकाणी भावनेच्या खरेपणाचे प्रमाणपत्र म्हणून चालावा आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या खोटेपणाची खूण म्हणून चालावा, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाने सहज सोडून देण्याजोगी नाही. ती टीकाकाराने तर मुळीच सोडू नये; कारण ज्या नाण्याने तो मोल चुकवतो ते बाजारात खोटे ठरू लागले आहे.

या शब्दाचा विचार मावळच्या अंगाने करण्यास कारण आहे. ज्या अभंगांनी या शब्दाला मराठीत आजचे वजन दिले त्या तुकोबांचे चिंतनस्थान असलेला भंडारा डोंगर मावळात आहे. मावळचे जीवन ज्यांनी कादंबरीत आणले ते गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ राहिले. आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना कोणते शब्द पुरतात व कोणते अपुरे पडतात हे पाहण्याचे प्रसंग या प्रदेशावर धरणांच्या रूपाने वारंवार आले आहेत.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कळ’ म्हणजे शरीरात एकाएकी उठणारी वेदना. पोटात कळ येते, दातातून कळ मारते, जखमेची कळ मस्तकापर्यंत जाते. ‘कळवळणे’ या क्रियापदाची ‘कळ’ अधिक ‘वळणे’ अशी फोड करण्याचा मोह होतो आणि वेदनेने पिळवटणाऱ्या देहाचे चित्र तीत नीट बसतेही. तथापि तळमळ, मळमळ, जळजळ, हळहळ, वळवळ, चळवळ, डळमळ या सगळ्या कुळाकडे पाहिले म्हणजे कळवळ हा त्याच साच्यातला एक शब्द वाटतो. ‘ळ’काराच्या आवृत्तीने अस्थिरता, सलणे, न थांबणारी हालचाल सुचविण्याची ही मराठीची जुनी रीत आहे. माझ्या मते साचा हा आवृत्तीचाच. पण त्यात ‘कळ’ इतकी स्पष्ट ऐकू येते की बोलणाऱ्याला वेदनेचा अर्थ वेगळा शिकावा लागत नाही. (या कुळातील ‘चळवळ’ शब्दाचे पुढे काय झाले ते येथे सहज आठवते. अंगाची चुळबुळ सांगणारा हा शब्द गेल्या शतकात अध्यक्ष, चिटणीस आणि वर्गणी असलेल्या संघटित प्रयत्नाचे नाव झाला. शरीरातले शब्द सार्वजनिक जीवनात गेले की त्यांचे शरीर कसे हरपते, याचे हे निरुपद्रवी उदाहरण आहे. कळवळ्याचे उदाहरण तितके निरुपद्रवी नाही.)

आता या क्रियापदाचा एक विशेष असा आहे की त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘पोरे भुकेने कळवळली’ या वाक्यात कळवळणारे ते, ज्यांना दुःख आहे. ‘पोरांना पाहून आई कळवळली’ या वाक्यात कळवळणारी ती, जी दुःख पाहते. क्रियापद एकच, रूपही एकच. दुःख भोगणारा आणि दुःख पाहणारा या दोघांसाठी मराठीने येथे दोन क्रिया मानल्या नाहीत. ‘रडणे’ हे क्रियापदही दोघांना लागू पडते हे खरे, पण रडण्याचे कारण प्रत्येकाचे निराळे असू शकते; कळवळण्यात पाहणाऱ्याची कळ ही भोगणाऱ्याच्या कळेवाचून संभवतच नाही. पहिली वेदना भुकेची, दुसरी त्या भुकेची. पोटात कालवणे, आतडे तुटणे, पान्हा फुटणे हे आपले सारे वाक्प्रचार याच जातीचे आहेत. ते मनाविषयी बोलण्याआधी पोटाविषयी बोलतात.

‘कळवळा’ हे नाम मात्र फक्त पाहणाऱ्याचे आहे. भुकेलेल्या पोराला भुकेचा कळवळा आला असे कोणी म्हणत नाही. म्हणजे क्रियापदात जे दोघे एकत्र होते ते नामात विभागले गेले. कळवळा हा असा एक पदार्थ झाला की जो एकाजवळ असतो आणि दुसऱ्याविषयी असतो. पुढे या शब्दाची जी घसरण झाली तिची शक्यता या विभागणीतच होती असे मला वाटते.

शेजारच्या शब्दांपासून त्याचा भेद ठरविणेही आवश्यक आहे, कारण टीकेत ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. ‘जिव्हाळा’ या शब्दामागे ओल आहे, आतून झिरपणारा जिवंत झरा आहे. त्याला परिचय लागतो, काळ लागतो. अनोळखी माणसाविषयी एका क्षणात जिव्हाळा उत्पन्न होत नाही. कळवळा होऊ शकतो, किंबहुना अनोळखी माणसाविषयी झालेला कळवळाच अधिक लक्षणीय असतो. जिव्हाळ्याला दुःखाची गरज नाही. सुखात असलेल्या मित्राविषयी जिव्हाळा असतो, कळवळा नसतो. ‘जिव्हाळ्याचा विषय’ आपण म्हणतो, ‘कळवळ्याचा विषय’ म्हणत नाही. ‘कळकळ’ ही बहुधा कार्याची असते, ध्येयाची असते. ती टिकाऊ असते आणि तिला व्यक्ती समोर असावी लागत नाही. म्हणूनच ‘कळकळीचे आवाहन’ हा प्रयोग सूचनाफलकावर छापता येतो आणि तेथे तो निर्जीवही झाला आहे. ‘सहानुभूती’ हा घडविलेला विद्वज्जनांचा शब्द आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. ‘अनुकंपा’ची गोष्ट मात्र उद्बोधक आहे. दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कापणे, इतका देहनिष्ठ अर्थ ज्या शब्दात होता तो आज बहुतेक मराठी माणसांना ठाऊक आहे तो ‘अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती’मुळे. सेवेत असता मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळणाऱ्या नोकरीचे ते नाव आहे. कंप कोणाला सुटतो हे विचारण्याचे तेथे प्रयोजनच नाही.

तुकोबांच्या गाथेत कळवळा शब्द ज्या दोन ठिकाणी सर्वपरिचित आहे ती दोन्ही या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. एका अभंगात लेकराच्या हिताची चिंता वाहणाऱ्या आईचे चित्र आहे. तेथे कळवळ्याची ‘जात’ सांगितली आहे, म्हणजे त्याचा स्वभाव, त्याचे लक्षण. आणि ते लक्षण लाभाचा अभाव हे आहे. भावनेच्या खरेपणाची ही कसोटी मोठी विलक्षण म्हणावी लागेल. तुकोबा येथे भावनेची तीव्रता मोजत नाहीत, ती मनात आहे की केवळ तोंडी आहे हेही विचारीत नाहीत. तिच्यातून करणाऱ्याला काय मिळते एवढेच पाहतात, आणि काही मिळत नसेल तर ती खरी धरतात. ही कसोटी बाहेरून लावता येते. अंतरंगात शिरण्याचे अशक्य काम ती परीक्षकावर टाकीत नाही. शिवाय अभंगाच्या शेवटी बोलणारा स्वतः आईच्या जागी उभा नाही, लेकराच्या जागी आहे. आपले ओझे तो संतांवर घालतो. कळवळ्याची व्याख्या करणारा येथे कळवळ्याचा मालक नाही, त्याचा याचक आहे.

दुसऱ्या अभंगात मात्र तुकोबा स्वतःच्याच कळवळ्याविषयी बोलतात, आणि म्हणून त्याची वाक्यरचना अधिक मोलाची आहे. बुडणारे लोक डोळ्यांना पाहवत नाहीत, त्यामुळे कळवळा येतो, असा त्याचा आशय आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता वाक्यात ‘मी’ कोठेच नाही. पहिल्या भागातील क्रियापद ज्याला आपण शक्य क्रियापद म्हणतो त्या प्रकारचे आहे. पाहण्याची क्रिया घडू शकत नाही एवढेच ते सांगते. दुसऱ्या भागात ‘येणे’ या क्रियेचा कर्ता स्वतः कळवळाच आहे. तो येतो, कोणी तो करीत नाही, धरीत नाही, दाखवीत नाही. मो. के. दामले यांच्या 1911 च्या व्याकरणापासून आपण प्रयोगांची चर्चा करीत आलो, पण भावनेच्या खरेपणाशी प्रयोगाचा काही संबंध असेल हा विचार आपल्या मनात सहसा आला नाही. ‘मला राग येतो’, ‘त्याला दया येते’, ‘तिला गहिवरून येते’ अशी जी रचना मराठीत मुरलेली आहे, तीत माणूस भावनेचा कर्ता नसून तिचे येण्याचे ठिकाण आहे. उलट, ज्या भावनांचा माणूस कर्ता होतो त्यांविषयी भाषा सावध असते. प्रेमाचा आव आणतात, माया दाखवतात, आदर व्यक्त करतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांच्यासाठी कळवळा यावयाचा ते बुडणारे लोक या रचनेत स्वतंत्र वाक्यांशात आहेत, आपल्या क्रियेसह आहेत. आधी ते बुडतात, मग ते पाहवत नाहीत, मग कळवळा येतो. कारण, दर्शन आणि भावना हा क्रम जसाच्या तसा उभा आहे.

आता आजची रचना पाहावी. ‘त्यांना शेतकऱ्यांचा कळवळा आला आहे.’ ‘येणे’ क्रियापद कायम आहे, अनुभविता चतुर्थीतच आहे. बदलले ते एकच. बुडणाऱ्यांचे आणि पाहण्याचे संपूर्ण वाक्य ‘चा’ या एका प्रत्ययात गेले. शेतकऱ्यांना काय झाले, ते कोणी पाहिले, कोठे पाहिले, हे काही उरले नाही. उरला तो शेतकरी हा वर्ग आणि कळवळा हा त्याला चिकटविलेला पदार्थ. ‘आईचा कळवळा’ म्हणताना हाच प्रत्यय कळवळणाऱ्याकडे बोट दाखवितो, म्हणून तेथे उपहास शिरत नाही. ‘शेतकऱ्यांचा’, ‘गरिबांचा’, ‘निसर्गाचा’ म्हणताना तो दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि पाहण्याची क्रिया लोपल्यामुळे ऐकणाऱ्याला संशय घेण्यास जागा होते. त्यात ‘आता’, ‘एकाएकी’, ‘इतका’ यांपैकी एखादे अव्यय मिळाले की उपहास पूर्ण होतो. लोणावळ्यात पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी उसळते आणि गर्दी ओसरल्यावर मागे उरलेल्या कचऱ्याविषयी चार शब्द बोलले जातात. ते बोलणाऱ्याला ‘निसर्गाचा कळवळा आलाय’ हे शब्द ऐकावयास मिळण्याची तयारी ठेवावी लागते, मग तो कितीही मनापासून बोलत असो.

येथे ‘येणे’ या क्रियापदाचा दुधारीपणाही ध्यानात येतो. भावना न बोलावता आली म्हणून ती खरी, हे एक. पण जी आली ती नेमकी आजच का आली, काल का नव्हती, हेही त्याच क्रियापदाला विचारता येते. ‘पुळका’ हा शब्द या वाटेने शेवटपर्यंत गेलेला आहे. संस्कृत ‘पुलक’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. अंगावर शहारा येणे, रोमांच उभे राहणे हे आपल्या नाट्यशास्त्रात सात्त्विक भावांत गणले गेले. मनाची स्थिती देहावर आपोआप उमटते, तिचे नुसते सोंग घेता येत नाही, म्हणून त्याला महत्त्व. आणि आज पुळका म्हणजे काय, तर अस्थानी दाखविलेला पक्षपाती जिव्हाळा! ‘तुला त्याचा एवढा पुळका का?’ या प्रश्नातला पुळका कोणीही स्वतःसाठी स्वीकारणार नाही. खरेपणाची सर्वांत खात्रीची मानलेली खूण खोटेपणाचे नाव होऊन बसली. कळवळा अजून तेथवर पोहोचलेला नाही. ‘कळवळ्याने बोलणे’, ‘कळवळून सांगणे’ हे प्रयोग अद्याप सरळ अर्थाने चालतात. क्रियापद आणि क्रियाविशेषण शाबूत आहेत. नाम मात्र, विशेषतः ‘चा’ जोडलेले नाम, किडले आहे.

साहित्यसमीक्षेस याचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्यासाठी दांडेकरांच्या दोन मावळी कादंबऱ्यांचे उदाहरण घेतो. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही तुंग किल्ल्याच्या परिसरातील, तेथील हवालदारीचा वारसा सांगणाऱ्या धोंडीची कथा. ‘माचीवरला बुधा’ ही मुंबई मागे टाकून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची. दोन्ही 1950 नंतरच्या दशकातल्या. या लेखनास मावळच्या माणसांविषयीच्या कळवळ्याचे श्रेय देण्याचा मोह होतो. मला हे श्रेय चुकीच्या नावाने दिलेले वाटते. दांडेकरांजवळ जे आहे तो जिव्हाळा होय, आणि तो अस्सल आहे. चालून चालून, राहून राहून, बोली कानात मुरवून मिळविलेला आहे. माचीवरचा पाऊस, झाडे, पाखरे, खडक यांकडे त्यांची दृष्टी न थकता पाहते, आणि पाहणे हाच त्या दृष्टीचा आनंद आहे. कळवळ्याला याच्या नेमके उलट काहीतरी लागते. जे पाहवत नाही असे काही समोर यावे लागते. दांडेकरांना मावळातले सारे पाहवते. ज्या दारिद्र्याने माचीवरचा माणूस मुंबईस गेला त्या दारिद्र्यावर लेखणी थांबते, पण तेथे तिची नजर वळत नाही, अक्षर हलत नाही. धोंडीच्या घरची ओढग्रस्ती वतनाच्या अभिमानाच्या प्रकाशात दिसते आणि म्हणून सुसह्य होते. हा दोष नव्हे, हा निराळा भाव आहे. मात्र या दोहोंतला फरक न करणारी टीका दांडेकरांवर दोनदा अन्याय करते: एकदा त्यांच्याजवळ नसलेले त्यांना देऊन, आणि पुन्हा, ते नाही हे पुढे कोणाच्या लक्षात आल्यावर, त्यांचा जिव्हाळाही भाबडा ठरवून.

मर्ढेकरांनी ‘आत्मनिष्ठा’ या कल्पनेला दिलेल्या महत्त्वानंतर लेखकाच्या भावनेचा खरेपणा त्याच्या स्वतःशी असलेल्या इमानावर मोजण्याची सवय आपल्याला लागली. ती सवय जिव्हाळ्याच्या वाङ्मयाला बरीचशी पुरते. कळवळ्याला ती पुरत नाही, कारण स्वतःशी पूर्ण इमान राखणाऱ्या माणसालाही समोरचा बुडणारा दिसलेला नसू शकतो. प्रबंध लिहिणाऱ्याने म्हणून ‘लेखकास कळवळा आहे’ असे लिहिण्याआधी त्या कृतीत कोणी पाहिले, काय पाहिले आणि पाहणे कोणत्या वाक्यात अवघड झाले ते दाखवावे. ते दाखविता आले तर नाम लिहिण्याची गरज बहुधा उरत नाही.

‘पवनाकाठचा धोंडी’ प्रसिद्ध झाली तेव्हा पवनेवर धरण नव्हते. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या मधल्या खोऱ्यात ते उभे राहिले ते 1970 च्या दशकाच्या आरंभी. आज तुंगावरून खाली पाहणाऱ्याला कादंबरीतला पवनाकाठ दिसत नाही, जलाशय दिसतो. मावळपट्ट्याला हे नवे नव्हते. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण, शिरवटा आणि लोणावळा येथे पाणी अडविले गेले आणि 1915 मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्याची ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा आपल्या विषयाच्या दृष्टीने विचारात घ्यावी. तीत भावनेचा एकही शब्द नाही. दोन नामे आणि एक अव्यय. बुडणाऱ्याला कळवळा हे नाम वापरता येत नाही हे वर व्याकरणाने सांगितले. त्याला त्याची गरजही नव्हती हे ही घोषणा सांगते.

9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी बौर येथे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगानंतर सार्वजनिक भाषेत जे घडते ते ठरलेले आहे. प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या कळवळ्याची जन्मतारीख विचारतो. तो प्रश्न पुष्कळदा न्याय्य असतो आणि तुकोबांच्या लाभाच्या कसोटीला धरूनही असतो. पण त्याची सवय इतकी जडली आहे की लाभाची कसोटी लावताना पाहण्याची कसोटी कोणी लावत नाही. मेलेली माणसे ‘चा’ प्रत्ययाआड जातात आणि वाद उरतो तो कळवळा कोणाचा खरा याचा.

या सगळ्यात एक शब्द भावनेचा कोणताही दावा न करता टिकून आहे. शासकीय कागदांत तो नित्य येतो: ‘धरणग्रस्त’. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो तसा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त या मालिकेत तो इतका रुळला आहे की अर्ज लिहिणाऱ्याला आणि अर्ज तपासणाऱ्याला त्यातले गिळणे ऐकू येत नाही. पवनेच्या किंवा मुळशीच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांच्या बाबतीत मात्र त्यातले अक्षर न् अक्षर शब्दशः खरे आहे.